तांबड्या पेशींतील वारसा आणि तापाची तीव्रता

आषाढात रायपूरच्या मैदानातील बांध्या पाण्याने भरतात, पऱ्हे उपटून रोवणी सुरू होते आणि दक्षिणेकडे बस्तरच्या वनपट्ट्यात, तसेच सीमेपलीकडे गडचिरोलीत, हिवतापाचे दिवस सुरू होतात. एकाच वस्तीतील चौघांना एकाच जातीच्या परजीवीची बाधा होते. एकजण तीन दिवसांत उठून कामाला लागतो. दुसरा पंधरवडाभर अंथरूण सोडत नाही. तिसऱ्याच्या बाबतीत आजार मेंदूपर्यंत पोहोचतो. चौथ्याच्या रक्ताच्या थेंबात परजीवी दिसतात, पण त्याला ताप आल्याचे आठवतही नाही. वय, पूर्वी होऊन गेलेला हिवताप, पोषण आणि उपचारास लागलेला वेळ ही या फरकाची नेहमीची कारणे आहेत. त्यांच्याबरोबरीने आणखी एक कारण काम करीत असते, आणि ते आईवडिलांकडून आलेले असते. तांबडी रक्तपेशी कशी घडते, किती दिवस जगते आणि आपली ऊर्जा कशी वापरते हे जनुके ठरवतात. परजीवीला याच पेशीत राहायचे असल्याने रोगाची तीव्रताही काही अंशी तेथेच ठरते.

हा विषय आरोग्य खात्याचा आहे, कृषी विस्ताराचा नव्हे, असे वाटणे साहजिक आहे. तथापि छत्तीसगड आणि पूर्व विदर्भ या सलग भातपट्ट्यात सिकलसेलचे जनुक ज्या कुटुंबांत आढळते, त्यांतील बहुसंख्य शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबे आहेत. शिवाय हा विषय समजून घेण्यास लागणारी भाषा कृषी विस्तार कार्यकर्त्यांना आधीपासून अवगत आहे.

प्रतिकारक्षमता आणि सहनशीलता

रायपूरजवळ बरोंडा येथे राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. पीकरोगांच्या अभ्यासात तेथे, आणि सर्वत्रच, दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवले जातात. जे वाण रोगकारकाला वाढूच देत नाही ते प्रतिकारक. ज्या वाणावर रोगकारक वाढतो, पण उत्पादनात फारशी घट येत नाही, ते सहनशील. शेतात दोन्ही वाण हिरवेगार दिसू शकतात, मात्र सहनशील वाणावरून रोग शेजारच्या शेतात जाऊ शकतो.

पशुधनातही हा भेद दिसतो. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील लहानखुऱ्या गारोळ मेंढ्या महाराष्ट्रात आणल्या, त्या मुख्यतः जुळी कोकरे देण्याच्या गुणासाठी. त्यांचा दख्खनी मेंढ्यांशी संकर केल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. पोटातील रक्तशोषक जंतांची अंडी गारोळ रक्ताच्या कोकरांच्या लेंड्यांत कमी आढळली. जंतांनाच अटकाव होत असल्याने ही प्रतिकारक्षमता होय.

गोचीडतापाची, म्हणजे थायलेरिओसिसची, कथा वेगळी आहे. संकरित गाय या आजाराने झटपट खंगते. खांद्यापुढील लसिकाग्रंथी सुजतात, ताप चढतो, तांबड्या पेशी नष्ट होऊन डोळ्यांची आतली त्वचा पांढरी पडते. त्याच गोठ्यातील देशी गाय अनेकदा चारा खाणेही सोडत नाही. एडिंबरा येथील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साहिवाल आणि होल्स्टीन वासरांना या परजीवीची सारखीच बाधा करण्यात आली. साहिवाल वासरांचा ताप कमी राहिला आणि ती उपचारांविना बरी झाली. होल्स्टीन वासरांच्या रक्तात दाहाची निदर्शक प्रथिने कितीतरी अधिक होती. परजीवीने केलेल्या नुकसानीत शरीराच्या स्वतःच्या अतिरेकी प्रतिक्रियेची भर पडली होती. साहिवालवरील हा निष्कर्ष प्रत्येक देशी गोवंशाला जसाच्या तसा लावू नये. संकरित जनावरांच्या मालकाने गोचीड नियंत्रण, रक्षावॅक-टी ही लस आणि वेळेवर बुपार्व्हाक्वोनचा उपचार यांवरच भिस्त ठेवावी.

पेशीचा संसार

तांबड्या पेशीचा संसार अगदी मोजका आहे. परिपक्व झाल्यावर तिच्यात केंद्रक उरत नाही आणि प्राणवायू वापरून ऊर्जा निर्माण करणारी मायटोकॉन्ड्रियाही उरत नाहीत. ती केवळ ग्लुकोजवर जगते. त्यातील बराच भाग ऊर्जेसाठी खर्च होतो, तर थोडा भाग एका वेगळ्या वाटेने जाऊन पेशीला ऑक्सिडीकरणाच्या झळेपासून वाचवणारे रसायन तयार करतो. या पुंजीवर ती सुमारे १२० दिवस रक्तवाहिन्यांत फिरते. मोडलेला भाग नव्याने घडवण्याची सोय तिच्याकडे नाही.

हिवतापाचा परजीवी या संसारात घुसतो तेव्हा पेशीचा ग्लुकोजचा खप अनेक पटींनी वाढतो. परजीवी हिमोग्लोबिन खातो, त्यातून सुटणारे विषारी हीम स्फटिकरूपात साठवतो आणि सुमारे ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो. फाल्सिपेरम जातीच्या परजीवीची बाधा झालेल्या पेशी चक्राच्या उत्तरार्धात बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात. प्लीहेत जाऊन नष्ट होण्यापासून परजीवी अशा रीतीने निसटतो. याच चिकटण्यामुळे मेंदूतील रक्तप्रवाह अडतो आणि साधा ताप जीवघेणा होतो.

एका कडीचा बदल

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सिकलसेलमध्ये त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याच फरकामुळे प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या बनतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये या आजाराला ‘रेणूचा आजार’ म्हटले. त्याच वर्षी जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलेसेमियासंबंधी अशी कल्पना मांडली की, ही जनुके हिवतापापासून संरक्षण देत असल्यामुळे टिकून राहिली असावीत. हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले. सिकलसेलच्या बाबतीत हे संरक्षण अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखवले.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत झाली. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील नोंद ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. पुढे रायपूर जिल्ह्यात ३ ते १५ वर्षे वयाच्या साडेतीन लाखांहून अधिक मुलांची तपासणी झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दर शंभरात सुमारे नऊ मुले वाहक आणि दर हजारात सुमारे दोन मुले प्रत्यक्ष रुग्ण आढळली. आज रायपूर येथे या आजारासाठी स्वतंत्र संस्था आहे. हा केवळ आदिवासींचा आजार आहे हा समज रायपूरच्या मैदानात टिकत नाही, कारण तेथील गावोगावच्या शेतकरी जातींतही हे जनुक आहे.

वाहक आणि रुग्ण

विस्तार कार्यकर्त्याने सर्वांत आधी हा भेद पक्का करावा. ज्याला एका पालकाकडून सिकलचे व दुसऱ्याकडून नेहमीचे जनुक मिळाले तो वाहक, म्हणजे ‘एएस’. दोन्हीकडून सिकलचेच मिळाले तो रुग्ण, म्हणजे ‘एसएस’. वाहक सर्वसाधारणपणे निरोगी असतो, शेतातील सर्व कामे करतो आणि त्याला औषध लागत नाही.

फाल्सिपेरम हिवतापापासून संरक्षण मिळते ते वाहकाला. आफ्रिकेतील अभ्यासांत वाहक मुलांत गंभीर हिवतापाचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी आढळला. यामागील एक यंत्रणा अशी आहे. परजीवी असलेली पेशी बारीक वाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते, तेथे प्राणवायू कमी असतो, हिमोग्लोबिनच्या दोऱ्या बनू लागतात आणि परजीवीची वाढ खुंटते. बाधित पेशी भिंतीला चिकटण्याची ताकदही वाहकांत कमी असते. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०११ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात याहून निराळी गोष्ट दिसली. सिकल जनुक असलेल्या उंदरांच्या रक्तात परजीवी इतरांइतकेच होते, पण मेंदूचा हिवताप झाला नाही. त्यांच्या शरीरात हीमची विल्हेवाट लावणारे एन्झाइम आधीपासूनच अधिक सक्रिय होते, त्यामुळे फुटलेल्या पेशींतून सांडलेल्या हीमचा घाव सौम्य झाला. पिकांच्या भाषेत ही सहनशीलता होय.

याला व्यवहारातही महत्त्व आहे. लक्षणे नसलेल्या बाधेपासून वाहकाचा बचाव होतो असे अभ्यासांत ठळकपणे दिसलेले नाही. त्याच्या रक्तात परजीवी असू शकतात आणि डास ते शेजाऱ्याकडे नेऊ शकतो. म्हणून बस्तरमध्ये २०२० पासून चाललेल्या मलेरियामुक्त अभियानासारख्या घरोघरच्या तपासणीत ‘मला तापच नाही’ म्हणून कोणी रक्त देण्याचे टाळू नये. मच्छरदाणीही वाहकाला इतरांइतकीच आवश्यक आहे.

रुग्णाची स्थिती याच्या नेमकी उलट असते. ‘सिकलवाल्याला मलेरिया होत नाही’ असे कोणी म्हणत असेल, तर ते वाक्य तेथेच थांबवावे. एसएस व्यक्तीच्या तांबड्या पेशी १२० ऐवजी जेमतेम १० ते २० दिवस जगतात. अस्थिमज्जा रात्रंदिवस नव्या पेशी घडवून कशीबशी तोंडमिळवणी करीत असते. या तुटपुंज्या शिलकीत हिवतापाने भर घातली की हिमोग्लोबिन वेगाने उतरते. एका जनुकाने तारले म्हणून दोन जनुके अधिक तारतील असा हिशेब रक्तात चालत नाही.

इतर संसर्गांचेही तसेच आहे. पार्व्होव्हायरस बी-१९ हा विषाणू मुलांच्या गालांवर पुरळ आणून निघून जातो. तो काही दिवस अस्थिमज्जेतील नव्या तांबड्या पेशींची निर्मिती बंद पाडतो. ज्याच्या पेशी चार महिने टिकतात त्याला हा खंड जाणवत नाही. ज्याच्या पेशी दोन आठवडे टिकतात त्या मुलाला मात्र तातडीने रक्त द्यावे लागू शकते. वाकड्या पेशींनी वारंवार अडथळा आणल्यामुळे प्लीहा निकामी होत जाते आणि न्यूमोकॉकससारखे जिवाणू रक्तात बेफाम वाढू शकतात. म्हणूनच एसएस बालकांना लहान वयात नियमित पेनिसिलिन आणि न्यूमोकॉकल लस दिली जाते. अशा मुलाला १०१ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आल्यास सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

सर्व रुग्ण सारखे नसतात

एसएस हेच निदान असलेल्या दोन भावंडांपैकी एक वर्षातून चारदा दवाखान्यात दाखल होते आणि दुसऱ्याला मोठेपणीच आजाराचा पत्ता लागतो, असेही घडते. याचे उत्तर इतर जनुकांत आहे. गर्भावस्थेत सर्वांच्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन असते आणि जन्मानंतर ते जवळजवळ नाहीसे होते. भारतातील सिकल जनुकाच्या आसपास असलेली जनुकीय ठेवण, जिला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात, हे गर्भ-हिमोग्लोबिन काही प्रमाणात टिकवून ठेवते. ते सिकल दोऱ्यांच्या बांधणीत अडसर घालते. अल्फा थॅलेसेमियाचे जनुक सोबत असेल तर पेशींची मोडतोडही कमी होते.

यावरून भारतीय सिकलसेल सौम्यच असतो असे एकेकाळी म्हटले जाई. नागपूरच्या बालरुग्णांच्या अनुभवाने ते खोडून काढले. तेथे वारंवार वेदना, तीव्र रक्तक्षय आणि संसर्ग यांनी दाखल होणारी मुले थोडी नव्हती. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भ-हिमोग्लोबिन वाढवते, म्हणजे काहींना जन्मतः मिळालेली सवलत इतरांना गोळीतून मिळते. नागपूर येथे मुलांना कमी मात्रेतही त्याचा लाभ झाल्याचे दिसले. आफ्रिकेतील चार देशांत झालेल्या चाचणीत हे औषध घेणाऱ्या मुलांत हिवतापाचे प्रमाणही घटले. औषध वैद्यकीय देखरेखीखाली आणि वेळोवेळी रक्ततपासणी करूनच घ्यायचे असते. बरे वाटू लागले म्हणून ते मध्येच सोडणे ही नेहमी दिसणारी चूक आहे.

औषधाने फुटणाऱ्या पेशी

तांबड्या पेशीला झळेपासून वाचवणाऱ्या ज्या वाटेचा उल्लेख वर आला, तिच्या तोंडाशी जी-सिक्स-पीडी नावाचे एन्झाइम असते. ते कमी असले तरी एरवी काहीही जाणवत नाही. विशिष्ट औषध पोटात गेले की पेशी धडाधड फुटतात, लघवी काळपट होते, डोळे पिवळे पडतात आणि धाप लागते. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे पुरुषांत हा दोष अधिक प्रकट होतो. भारतात आढळणाऱ्या त्याच्या प्रकारांपैकी एकाचे नाव ‘केरळ-कल्याण’ आहे, त्यातील कल्याण आपल्या ठाणे जिल्ह्यातीलच. ‘ओरिसा’ नावाचा प्रकार मध्य व पूर्व भारतातील आदिवासींत आढळतो.

हिवतापाशी या दोषाचा संबंध दुहेरी आहे. हे जनुकही हिवतापाच्या प्रदेशांतच फोफावले. आणि व्हायवॅक्स हिवतापाचे यकृतात दडून बसलेले परजीवी मारण्यासाठी जे प्रायमाक्वीन १४ दिवस दिले जाते, तेच या व्यक्तींना घातक ठरू शकते. त्यामुळे उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देणे किंवा दुकानातून परस्पर आणणे टाळावे. गोळ्या सुरू असताना लघवीचा रंग बदलला तर त्या थांबवून मितानीन, आशा किंवा आरोग्य केंद्र यांच्याशी लगेच संपर्क साधावा. गरोदर स्त्रिया व एक वर्षाखालील बालकांना हे औषध देत नाहीत.

याच दोषाच्या व्यक्तींना बाकला, म्हणजे फाबा बीन, खाल्ल्यानेही त्रास होतो. त्यातील व्हायसिन व कॉन्व्हायसिन ही द्रव्ये याला कारण आहेत. पीक पैदासकारांनी ती कमी असलेले वाण तयार केले असून, त्यांची निर्मिती नियंत्रित करणारे जनुक २०२१ मध्ये ओळखले गेले. रायपूरला हा मार्ग परिचित आहे. इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने तिवड्याचा, म्हणजे विदर्भातील लाखोळीचा, कमी विषद्रव्याचा ‘महातिवडा’ हा वाण याच विचाराने दिला. खाणाऱ्याचे जनुक बदलता येत नाही, दाण्याचे बदलता येते.

गावपातळीवर

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट आहे. गावात शेतीशाळा किंवा महिला गटाची बैठक असेल त्या दिवशी आरोग्य पथकाला बोलावणे विस्तार कार्यकर्त्याला सहज जमण्यासारखे आहे. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी केवळ सिकल आहे की नाही एवढे सांगते. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीनंतरच कळते. पहिल्या चाचणीच्या बळावर कोणाला रुग्ण ठरवू नये.

विवाहापूर्वी दोघांचे अहवाल पाहणे इष्ट आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही नेहमीची जनुके असण्याची २५ टक्के असते. संकरित भाताचे बी राखून पेरले की पुढच्या पिढीत रोपे वेगवेगळी निघतात, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. गणित तेच आहे. मात्र ‘एक मूल आजारी निघाले, आता पुढची तीन ठीक’ असा त्याचा अर्थ लावू नये, कारण शक्यता प्रत्येक वेळी नव्याने तीच असते. वाहकाचा विवाह वाहक नसलेल्या जोडीदाराशी झाला आणि जोडीदाराला थॅलेसेमियासारखा हिमोग्लोबिनचा दुसरा दोष नसला, तर सिकलसेलचे रुग्ण अपत्य होत नाही. केवळ वाहक म्हणून मुलीचे स्थळ नाकारले जाते तेव्हा ही गोष्ट दोन्ही घरच्यांसमोर, आकडे मांडून, सांगणारे कोणीतरी बैठकीत असावे लागते.

रक्त कमी दिसले की लोहाच्या गोळ्या हा सरसकट तोडगाही एसएस रुग्णाला लागू नाही. त्याचा रक्तक्षय पेशी लवकर मोडल्यामुळे असतो. नव्या पेशींसाठी त्याला फॉलिक आम्ल नेहमी लागते, लोह मात्र तपासणीत कमतरता दिसली तरच.

रोवणीच्या हंगामात अशा मजुराचे दुखणे हटकून बळावते. दिवसभर थंड पाण्यात उभे राहणे, ओले कपडे, अतिश्रम आणि पाणी कमी पिणे ही वेदनेच्या झटक्याची परिचित निमित्ते आहेत. त्याची मूत्रपिंडे पाणी राखून ठेवण्यास कमी पडत असल्याने पावसातही त्याला इतरांपेक्षा अधिक पाणी लागते. मुकादमाने त्याला बांधीतील रोवणीऐवजी पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधणे, हिशेब ठेवणे अशी कोरड्या जागेची कामे द्यावीत, धुऱ्यावर प्यायच्या पाण्याची कळशी ठेवावी, आणि हातपाय दुखू लागल्याचे त्याने सांगितले तर ती कामचुकारपणाची सबब न समजता त्याला त्या दिवशी घरी पाठवावे.